मोहाच्या रसपरीक्षेची निकड

इंग्लंडच्या उत्तरेस यॉर्कशायर परगण्यात मॅशम नावाचे बाजारपेठेचे एक लहान गाव आहे. त्या गावी १८२७ साली सुरू झालेल्या थीकस्टन यांच्या मद्यशाळेत ‘ओल्ड पेक्युलियर’ या नावाची जी काळसर एल, म्हणजे बिअरची एक जात, तयार होते, तिच्या वर्णाविषयी, गंधाविषयी, जिभेवर ती प्रथम कशी उतरते आणि गिळल्यानंतर घशाशी कोणती चव मागे ठेवते याविषयी त्या देशातील जाणकार ज्या सूक्ष्मतेने आणि ज्या गांभीर्याने लिहीत आले आहेत, ती सूक्ष्मता आणि ते गांभीर्य आपल्याकडे बहुधा गायकीच्याच वाट्याला आले. एका मादक पेयाविषयी इतके लिहावे काय, असा प्रश्न सभ्य वाचकाच्या मनात उभा राहणे स्वाभाविक आहे. माझे उत्तर असे की, अवश्य लिहावे. आणि गोंदिया जिल्ह्याच्या ज्या सडक अर्जुनी तालुक्यात बसून मी हा मजकूर लिहितो आहे, तेथील मोहाच्या मद्याविषयी तर ते फार पूर्वीच लिहिले जावयास हवे होते.

इंग्लंडात स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने सुटीवर येताना या एलची बाटली आणली, आणि महाराष्ट्रात मद्यप्राशनासाठी कायद्याने जो वैयक्तिक परवाना लागतो तो जवळ असल्यामुळे मला ती निःशंक मनाने चाखता आली. अशी एल बर्फासारखी गार करून प्यावयाची नसते. इंग्लंडातील तळघरांचे जे स्वाभाविक तपमान, म्हणजे सुमारे ११ ते १३ अंश, तेवढ्याच गारव्यात तिचा गंध मोकळा होतो, त्याहून अधिक शैत्याने तो मिटून जातो. पेल्यात ओतली तेव्हा ती प्रथम काळी भासली. परंतु पेला उजेडासमोर धरताच कडेला माणकाचा गडद लाल वर्ण उमटला. वासात भाजलेल्या धान्याचा खमंगपणा आधी आला, मागोमाग सुक्या आलुबुखाराची आणि काकवीची आठवण देणारा एक जड गोडवा आला, आणि पहिल्या घोटात जी मधुरता पसरली तिला फगल नावाच्या जुन्या इंग्लिश हॉप्स-फुलांच्या कडूपणाने शेवटी अशा बेताने आवर घातला की, तोंडाला चिकटपणा राहिला नाही. मद्यार्काचे प्रमाण ५.६ टक्के, म्हणजे सावकाश प्यावी, थोडी प्यावी, आणि पिताना बोलावे, अशी तिची प्रकृती. मला ती उत्तम वाटली. तक्रार करावयाचीच तर एवढी की, बाटलीत वायूचा जोर किंचित अधिक होता, आणि पिंपातून थेट पेल्यात येणाऱ्या एलचा जो मऊपणा जाणकार वर्णितात तो त्यामुळे उणावला असावा.

हे सारे सांगण्याचा हेतू त्या पेयाची जाहिरात करणे हा नाही. अशा परीक्षणाची एक दीर्घ परंपरा ज्या समाजात रुजली, त्या समाजाने आपल्या मद्याला आणि मद्यामुळे होणाऱ्या अनर्थालाही वळण कसे लावले, हे पाहण्यासारखे आहे. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनमध्ये पोर्टर नावाची काळसर बिअर श्रमिकांचे मुख्य पेय झाली. तिचा वर्ण लाकडाच्या आचेवर करपवलेल्या तपकिरी माल्टमुळे, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूमुळे येई. पुढे द्रवाची घनता मोजण्याचे उपकरण कारखानदारांच्या हाती आले, तेव्हा असा माल्ट दिसावयास स्वस्त असला तरी त्यातून साखरेचा अंश कमी उतरतो हे उघड झाले. मग फिकट माल्ट वापरून रंग मात्र दुसऱ्या उपायांनी आणण्याचा मोह बळावला. १८१७ साली डॅनियल व्हीलर याने माल्ट भाजण्याच्या फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले, आणि थोड्याशा काळ्या माल्टने सारी बिअर काळी करणे प्रामाणिकपणे शक्य झाले. परंतु त्याच काळात अप्रामाणिक मार्गही पुष्कळ चालू होते. त्यांपैकी एक आपल्याकडील वाचकांना विशेष ओळखीचा वाटेल. मलबार किनाऱ्याच्या रानात जिची वेल वाढते आणि जिच्या विषारी फळांनी ओढ्यातले मासे गुंगवून पकडतात, ती काकमारी हिंदुस्थानातून जहाजाने विलायतेस जाई आणि कायद्याची मनाई असतानाही तिकडील बिअरमध्ये कैफ वाढविण्यासाठी मिसळली जाई. फ्रेडरिक अॅक्युम नावाच्या लंडनवासी जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८२० साली अन्नातील भेसळीवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात त्याने ही गोष्ट चव्हाट्यावर आणली आणि भेसळ करणाऱ्यांची नावेही छापली.

आमच्या भागात गैरकायदा भट्टीवाले मोहाच्या सडव्यात, म्हणजे आंबत घातलेल्या फुलांत, नवसागर घालतात आणि फुलांचा खर्च वाचविण्यासाठी काळा गूळ ओततात, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला अॅक्युमच्या कार्याचे मोल वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. फरक एवढाच की, लंडनच्या ग्राहकाला खरी पोर्टर कशी असते हे ठाऊक होते. तिच्या चवीची एक सर्वमान्य कसोटी होती, म्हणून भेसळ ही भेसळ म्हणून ओळखता आली. जेथे कसोटीच नाही तेथे भेसळीची तक्रार कोणी कोणाकडे करावी?

याच लंडनचा दुसरा एक अनुभव अधिक शिकवणारा आहे. अठराव्या शतकात जिन या स्वस्त आणि तीव्र दारूने त्या शहरातील गोरगरिबांची जी दुर्दशा केली, ती विल्यम होगार्थ याने १७५१ साली कोरलेल्या चित्रांत आजही पाहावयास मिळते. तत्पूर्वी १७३६ साली तेथील कायदेमंडळाने किरकोळ विक्रीच्या परवान्याची फी सालीना ५० पौंड ठेवली, म्हणजे व्यवहारतः बंदीच केली. परिणाम असा झाला की परवाने जवळजवळ कोणीच घेतले नाहीत, चोरटी विक्री बोकाळली, खबऱ्यांवर जमाव धावून जाऊ लागले, आणि १७४३ साली तो कायदा मागे घ्यावा लागला. १७५१ च्या कायद्याने मात्र मध्यम दराचा कर, जबाबदार परवानाधारक आणि कारखानदाराने कोणाला माल विकावा यावर निर्बंध, असा मार्ग धरला. त्याच सुमारास धान्यही महागले. आणि या दोहोंच्या योगाने जिनचा उत्पात ओसरला. केवळ कायद्याने तो ओसरला असे कोणी म्हणेल तर ते अर्धसत्य होईल, परंतु बंदीने तो ओसरला नाही हे तर निर्विवाद आहे.

आता आमच्या मुलखाकडे येतो. नागपूरहून रायपुराकडे जाणारा जो जुना हमरस्ता साकोली सोडल्यावर कोहमाऱ्यावरून देवरीच्या दिशेने जातो, त्याच्या दोन्ही अंगांना धानाची बांधी, बोड्या आणि तलाव, आणि त्यांच्या मागे नवेगाव-नागझिऱ्याच्या अरण्याशी जाऊन मिळणारे रान आहे. फाल्गुन सरू लागला की या रानातील मोहाची पाने गळतात आणि फांद्यांच्या टोकांना मांसल, फिकट पिवळसर फुलांचे घोस लागतात. ती फुले रात्रभर टपटप पडत राहतात, आणि झुंजुमुंजू होण्याच्या आत बायाबापड्या, म्हातारी माणसे आणि पोरे टोपल्या घेऊन आपापल्या ठरलेल्या झाडाखाली जातात. याच फुलांसाठी अस्वलेही येतात, म्हणून या दिवसांत रानात अस्वलांच्या हल्ल्याचे भय असते. वेचलेले फूल अंगणात वाळले की त्याचा वर्ण मनुकेसारखा होतो, आणि त्याच्या वजनाचा निम्म्याहून मोठा भाग साखरेचा असतो. दुष्काळात गोंड, हलबा आणि इतर कितीतरी गरीब कुटुंबांनी हे फूल शिजवून, भाजून, भाकरीत मिसळून दिवस काढले आहेत. गोंडांच्या लग्नमरणाच्या आणि देवकार्याच्या विधींत मोहाच्या धारेला जे स्थान आहे, ते कोणा कलेक्टराच्या मेहेरबानीने मिळालेले नाही.

सरकारदरबारी मात्र या फुलाची नोंद महसुलाच्या आणि गुन्ह्याच्या सदरांखालीच झाली. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि गावोगावच्या भट्ट्या मोडून मद्यनिर्मिती मोजक्या मक्तेदारांच्या हाती गेली. तेवढ्याने चोरटे गाळप थांबेना, म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहफुलांचा कायदा करून फूल गोळा करणे आणि जवळ बाळगणे यांवरच निर्बंध घातले गेले. जे फूल गरिबाचे अन्न होते, ते जवळ सापडणे हाच अपराध ठरला. आमचा भंडारा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात होता. गोंदिया त्यातून वेगळा झाला तो अगदी अलीकडे, १९९९ साली. मध्यप्रांतात प्रारंभी गावभट्ट्यांचे लिलाव होत. पुढे तेथेही ठेकेदारांच्या मध्यवर्ती आसवनींचा अंमल बसला आणि १९१५ च्या अबकारी कायद्याने ती व्यवस्था पक्की केली. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला, आणि १९५६ साली विदर्भ त्या राज्यात गेल्यावर यथाकाल तोच कायदा इकडेही लागू झाला. २०२१ साली महाराष्ट्र शासनाने मोहफुलांचा संग्रह आणि वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु फूल मुक्त झाले तरी त्यापासून गावात गाळले जाणारे मद्य अद्याप मुद्देमालाच्या कोठडीतच आहे. वर्तमानपत्रात मोहसडव्याचे उल्लेख येतात ते इतके लिटर नष्ट केला, इतक्यांवर गुन्हे दाखल झाले, एवढ्याच मजकुरासाठी. तो सडवा कसा होता, फूल चांगले होते की नासके, कारागीर जाणता होता की लुच्चा, हे पंचनाम्यात लिहिण्याची सोयच नाही. दरम्यान त्याच रस्त्यावरच्या परवानाधारक दुकानात उसाच्या मळीपासून काढलेली देशी दारू राजरोस विकली जाते. या रानाशी, येथल्या माणसांच्या हस्तकौशल्याशी किंवा देवकार्याशी जिचा काडीमात्र संबंध नाही, ती वैध. आणि जिचा आहे ती अवैध. ही व्यवस्था मला अन्यायाची वाटते आणि ती तशी आहे असे मी स्पष्टपणे म्हणतो.

मोहाचे मद्य कायद्याच्या चौकटीत राहून चाखण्यासाठी मला गोव्यास जावे लागले. तेथे एका परवानाधारक उत्पादकाचे मोहाचे मद्य बाटलीत मिळाले, आणि जी रीत मी इंग्लिश एलच्या बाबतीत अवलंबिली तीच येथेही अवलंबिली. दोहोंची जात भिन्न आहे, हे अर्थात ध्यानात ठेवले पाहिजे: एल ही केवळ आंबवलेली, तर मोहाची दारू आंबवून मग वाफेने उतरवलेली, म्हणून कित्येक पटींनी तीव्र; तिची मात्रा त्या प्रमाणात अल्पच हवी. वर्ण पाण्यासारखा निर्मळ होता. गंध मात्र प्रथमदर्शनी अनेकांना असह्य वाटावा असा दमट आणि उग्र. आमच्या घरांच्या पडवीत वाळल्या फुलांचे पोते उघडले की जो येतो तोच. थोडे पाणी मिसळून क्षणभर थांबल्यावर त्या उग्रतेखालून मनुकेचा आणि ताज्या लोण्याचा सौम्य वास वर आला, आणि जिभेवर जी गोडी उतरली ती साखरेची नसून फुलाची होती. परंतु एक उणीव जाणवली: धुराचा स्पर्श तीत मुळीच नव्हता. सुधारित यंत्रात गाळलेल्या मद्याला तो यावा तरी कोठून? मडक्यावर मडके ठेवून, लाकडाच्या आचेवर, बांबूच्या नळीतून धार उतरविणाऱ्या जाणत्या कारागिराच्या मद्यात तो असतो असे ज्येष्ठ मंडळी सांगतात, आणि स्कॉटलंडातील आयला बेटाच्या व्हिस्कीला पीट या दलदलीतील इंधनाच्या धुरासाठी जगभर मान मिळतो हे पाहता, आमच्या धुरालाही परीक्षकाची जीभ लाभावी अशी इच्छा मी का धरू नये?

गोव्याने काजूच्या फेणीच्या बाबतीत हे साधले आहे. २००९ साली तिला भौगोलिक निर्देशांक मिळाला, आणि २०१६ साली गोवा शासनाने तिला वारसा-पेयाचा दर्जा दिला. परंतु त्या आधी, कितीतरी पिढ्या, तेथील गावकऱ्याला पहिल्या गाळपाचा हुर्राक वेगळा आणि पुढल्या गाळपाची फेणी वेगळी हे ठाऊक होते, तिची तीव्रता सांगावयास ‘ग्राव’ हे स्वतःचे माप होते, आणि अमक्या भाटीवरची फेणी चांगली असे मोकळेपणाने म्हणण्याची मुभा होती. सरकारी शिक्का त्या लोकपरीक्षेवर उमटला, म्हणून त्याला अर्थ आला.

आमच्या मोहाची परीक्षा करावयाची तर ती कशाकशाची करावी? सर्वांत आधी फुलाची. झाडाखालची जमीन स्वच्छ दिसावी म्हणून पाचोळ्याला आग लावण्याची जी रीत पडली आहे, तिच्यातून दर उन्हाळ्यात वणवे पेटतात आणि रानाची राख होते. शिवाय अशा जमिनीवरून वेचलेल्या फुलाला राख आणि माती चिकटते. झाडाखाली जाळी अंथरून फूल झेलले तर ते निर्मळ राहते, वणवाही टळतो, आणि भल्या पहाटे अस्वलाच्या वाटेत वाकून बसण्याची वेळही पुष्कळ कमी येते. परंतु व्यापारी जर मळके आणि निर्मळ फूल एकाच भावाने मोजून घेणार असेल, तर जाळीचा खर्च कोणी का करावा? २०२० साली केंद्राने वाळल्या मोहफुलाचा किमान आधारभाव किलोस ३० रुपये ठरविला; तो सरसकट भाव आहे, त्यात गुणवत्तेची प्रतवारी नाही. चव जाणणारा ग्राहक असेल तरच निर्मळ फुलाला अधिक दाम मिळेल, आणि अधिक दाम मिळेल तरच जाळी अंथरली जाईल. नुसत्या उपदेशाने आणि फलकांनी जे रान वाचले नाही, ते या मार्गाने काही अंशी तरी वाचेल, असा माझा विश्वास आहे. त्यानंतर सडव्याची परीक्षा: तो किती दिवस आंबला, मातीच्या भांड्यात की पत्र्याच्या डब्यात. आणि शेवटी धारेची. आमच्याकडे पहिल्या धारेची म्हणून जिची प्रतिष्ठा आहे, तिचा अगदी आरंभीचा अंश टाकून द्यावा असे आसवनशास्त्र सांगते, कारण लवकर उडणारी अपायकारक द्रव्ये त्यातच एकवटतात. कोणत्याही निरोगी परंपरेत असे ज्ञान आणि अशी प्रतिष्ठा यांची गाठ घालून दिली जाते. चोरून करावयाच्या धंद्यात ती पडत नाही, कारण तेथे घाई असते.

माझ्या या म्हणण्यावर जो सर्वांत गंभीर आक्षेप येईल, तो आमच्याच भागातील स्त्रियांकडून येईल, आणि तो मी मस्तकी धरतो. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती गावोगावच्या लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, आंदोलनामुळे. आणि नवऱ्याच्या व्यसनाने ज्यांची मजुरी बुडाली, मुलांच्या तोंडचा घास गेला, अंगावर वळ उठले, त्यांच्यापुढे मद्याच्या सुगंधाची महती गाणारा माणूस निर्दय ठरेल. दारू ही दारूच आहे. मोहाची म्हणून ती यकृताला सौम्य वागवीत नाही. परंतु त्याच स्त्रियांना मी नम्रपणे विचारू इच्छितो की, ज्या दारूने ही घरे मोडली तिची चव कोणी कधी घेतली होती काय? ती घशाखाली लोटली जाते, शक्य तितक्या लवकर शुद्ध हरपावी म्हणून. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, ती कारखान्यात वापरावयाचे मिथेनॉल दारू म्हणून विकले गेल्यामुळे. त्या प्याल्यात फूल, फळ, धान्य यांपैकी काहीच नव्हते आणि पिणाऱ्याने त्याची अपेक्षाही केली नव्हती. रसपरीक्षेने व्यसन नाहीसे होईल असा दावा मी करीत नाही. चांगले काय आणि वाईट काय हे विचारण्याची सवय जेथे असते, तेथे विषाला शिरकाव करणे कठीण जाते, आणि कमी पिण्याला प्रतिष्ठा येण्याचा संभव वाढतो, एवढाच माझा दावा आहे.

शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२१ साली मोहाच्या मद्याला वारसा-मद्य म्हणून मान्यता देण्याची घोषणा केली आणि पुढे अलिराजपूर व दिंडोरी जिल्ह्यांतील आदिवासी बचतगटांच्या हातून ते बाटलीत भरले. महाराष्ट्राने त्याहून एक पाऊल पुढे जावे. वनहक्क कायद्याने २००६ साली गौण वनउपजावर गावसमूहांची मालकी मान्य केली आहे. तर ज्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाले आहेत, तिला आपल्या हद्दीतील फुलापासून मर्यादित परिमाणात मद्य गाळण्याचा परवाना मिळावा. तो परवाना व्यक्तीला किंवा बाहेरच्या ठेकेदाराला मिळू नये, आणि गावातील स्त्रियांच्या सभेने बहुमताने नाही म्हटले तर तो निघूच नये. अबकारी खात्याने प्रत्येक गाळपाचा नमुना प्रयोगशाळेत तपासावा, आणि त्याच्या जोडीला जिल्ह्याचे एक परीक्षक मंडळ असावे, जे वर्ण, गंध, चव आणि फुलाची निर्मळता यांवर दर हंगामी प्रतवारी करून ती जाहीर करील. त्या मंडळात कोण असावे याविषयीही माझे मत निश्चित आहे. हॉटेलांच्या तज्ज्ञांनी अवश्य यावे; परंतु ज्या स्त्रिया बालपणापासून फूल वेचीत आल्या आहेत, ज्या मूठभर मोहफूल नाकाशी नेऊन ते कोणत्या रात्री पावसात भिजले हे सांगतात, त्यांना निम्म्या जागा द्याव्यात, बैठकीचा भत्ता द्यावा, आणि त्यांचा अभिप्राय त्यांच्याच झाडीबोलीत दप्तरी नोंदवावा. मोहाचा पुढला बहर येण्याआधी, म्हणजे येत्या माघापर्यंत, जिल्हा प्रशासनाने असा प्रस्ताव तयार करून मंत्रालयात पाठवावा, आणि त्याची एक प्रत सडक अर्जुनीच्या तहसील कचेरीत लोकांना वाचावयास ठेवावी.